फ्लेमिंगोचा रिग ब्लेंडरमध्ये: आधी मान, मग पाय, पंख सगळ्यांत शेवटी

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये माणसाचा रिग, म्हणजे मॉडेल हलवायचा सांगाडा आणि त्याचे कंट्रोल, हल्ली तासाभरात उभा राहतो. रिगिफाय हे ब्लेंडरचं अ‍ॅड-ऑन चालू करायचं, तयार सांगाडा मेशच्या (मॉडेलच्या पृष्ठभागाच्या जाळीच्या) मापाने ओढून बसवायचा, बटण दाबायचं, की कंट्रोल हजर. रिगिफायमध्ये पक्ष्याचाही नमुना आहे, पण तो साधारण अंगाच्या पक्ष्याचा. फ्लेमिंगोची मान आणि पाय त्यात कोंबायला इतकी मोडतोड करावी लागते की त्यापेक्षा स्वतः बांधलेला रिग लवकर होतो आणि पुढे कमी त्रास देतो. खालची पद्धत ब्लेंडर ४.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. आधीच्या आवृत्तीत बोन कलेक्शन (सांगाड्याच्या हाडांचे, म्हणजे बोनचे, गट) नव्हती, त्यांच्या जागी बोन लेयर होते. बाकी बरंचसं तसंच चालेल.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या: शॉट कोणते आहेत? खाडीत चरणारा पक्षी, एका पायावर झोपलेला पक्षी आणि उडणारा पक्षी, या तिघांचे रिग वेगवेगळे निघतात. नवशिके बहुधा पंखांपासून सुरुवात करतात, कारण ते दिसायला भारी. तिथे आठवडा जातो आणि शेवटी शॉटमध्ये पक्षी चिखलात मान खाली घालून उभा असतो. फ्लेमिंगोचं सगळं अभिनयाचं काम मान करते, म्हणून वेळही तिथेच घालवा.

संदर्भ गोळा करणं

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना इथे मोठा फायदा आहे. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत पक्षी घराजवळ असतात. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलावर चरायला पांगतात, भरती आली की नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर आणि टीएस चाणक्य या सागरी संस्थेजवळच्या पाणथळीत गोळा होतात. त्यामुळे आधी भरतीचं वेळापत्रक बघा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे मागच्या रविवारी सकाळी आठला दिसलेले पक्षी या रविवारी आठला दिसतील असं नाही. तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली की पक्षी तिकडे फिरकत नाहीत, तेव्हा जाण्याआधी कुणाला तरी विचारून घ्या. चरतानाचं चित्रण हवं असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाता येतं.

मोबाइलवर चित्रण करताना ६० फ्रेमवर करा. पाऊल उचलताना बोटं मिटतात, तो क्षण ३० फ्रेमवर हातात येत नाही. बाजूने, समोरून आणि मागून, तिन्हीकडून घ्या. मागून घेतलेलं चित्रण सगळ्यांत कमी लोक घेतात आणि एका पायावर तोल कसा साधलाय ते नेमकं तिथूनच कळतं.

खाडीत दोन जाती मिसळलेल्या असतात. मोठा फ्लेमिंगो ११० ते १५० सेंमी उंच, चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं. छोटा फ्लेमिंगो ८० ते ९० सेंमी, चोच गडद, लांबून काळीच वाटणारी. एकाच रिगला स्केल करून दुसरा पक्षी काढायचा मोह आवरा. चोचीची ठेवण आणि अंगाची प्रमाणं वेगळी आहेत. एडिट मोडमध्ये बोन नव्याने बसवून दुसरी आर्मेचर (बोनचा सांगाडा) जतन करा. कंट्रोल आणि कन्स्ट्रेंट (बोनची हालचाल बांधणारे नियम) तेच राहतात.

मेश रिगला देण्याआधी

सीन मेट्रिकमध्ये, पक्षी खऱ्या मापात. मेश आणि आर्मेचर दोन्हींवर कंट्रोल+ए देऊन स्केल १ आणि रोटेशन ० करून घ्या. हे राहिलं तर पुढे पोल टार्गेट (सांधा कोणत्या दिशेला वाकावा ते ठरवणारे बिंदू) वेड्यासारखे वागतात आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

रेस्ट पोझमध्ये, म्हणजे मॉडेलच्या मूळ स्थितीत, मान सुंदर एसच्या वळणात मॉडेल करून घेऊ नका. मान छातीजवळ आली की ऑटोमॅटिक वेट (कोणता बोन मेशचा कोणता भाग किती हलवेल, याची ब्लेंडरने काढलेली वजनं) छातीच्या बोनचं वजन मानेवर आणि मानेचं छातीवर सांडतात. हलकं वळण असलेली, जवळजवळ उभी मान मागा. पंख अर्धवट उघडे हवेत, पूर्ण मिटलेले नकोत. पाय सरळ काठीसारखे नकोत. मधल्या सांध्यात ५ अंशांचा वाक हवा. मानेला प्रत्येक बोनमागे निदान अडीच-तीन एज लूप (मेशभोवती फिरणारी कडी), म्हणजे १० बोनच्या मानेला २५ ते ३० कडी. घोट्याला तीन लूप पुरतात.

पिसांची वेगळी पानं (सपाट मेशचे तुकडे) असतील तर ती सध्या बाजूला ठेवा. ती ऑटोमॅटिक वेटमध्ये घातली की "बोन हीट वेटिंग" जमलं नाही असा एरर येतो. हाच एरर एकावर एक बसलेले व्हर्टेक्स, मेशच्या आत राहिलेले फेस किंवा फार छोटं माप यांमुळेही येतो. मर्ज बाय डिस्टन्स करा, आतले फेस काढा. तरी अडलं तर मेश आणि आर्मेचर दोन्ही १० पट मोठे करून वेट काढा आणि परत लहान करा.

सांगाडा

फ्लेमिंगोच्या पायात मधोमध जो सांधा मागे वाकतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे. गुडघा वर, अंगाच्या पिसांत लपलेला असतो आणि मांडीचं हाड आखूड, जवळजवळ आडवं असतं. रिगमध्ये पायाला चार बोन ठेवा: मांडी, नडगी, घोट्याखालचं लांब हाड आणि पंजा. मांडी फार हलत नाही, पण ती वगळली तर पाय पुढे टाकताना कंबरेची बाजू निर्जीव दिसते.

धडाला रूट, गुरुत्वमध्याचा कंट्रोल, कंबर, छाती आणि शेपूट. मानेला १० बोन. खऱ्या मानेत १९ मणके असतात, पण ते लांबट असल्यामुळे मान एकसारखी गोल वळत नाही, जागोजागी कोन पडल्यासारखी वळते. त्यामुळे १० बोनने काम भागतं. १९ घातलेत तर मान सापासारखी दिसायला लागते.

डाव्या बाजूचे बोन काढा, नावाच्या शेवटी डॉट एल लावा आणि सिमेट्राइझ करा, म्हणजे उजवी बाजू आपोआप बनते. नावं रोमनमध्येच ठेवा. ब्लेंडर देवनागरी घेतो, पण फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली की रडारड सुरू होते. बोन रोल (बोनचं स्वतःच्या अक्षाभोवतीचं फिरणं) इथेच सरळ करून घ्या. पायाच्या सगळ्या बोनचा एकच अक्ष वाकण्याचा हवा.

मान

इथे दोन पर्याय असतात. साधा एफके म्हणजे १० बोन हाताने फिरवायचे; वळण छान येतं, पण डोकं पाण्यात एका जागी रोखून धरता येत नाही. साधा आयके, म्हणजे टोक ओढलं की मागचे बोन आपोआप वळतात तो, डोकं रोखतो, पण मधल्या मानेचं वळण तुमच्या हाती राहत नाही. चरणाऱ्या फ्लेमिंगोला दोन्ही लागतात: डोकं चिखलात रुतलेलं आणि अंग त्याभोवती पाय आपटत फिरणारं. म्हणून स्प्लाइन आयके, म्हणजे बोनची साखळी एका वक्र रेषेवर बसवणारा कन्स्ट्रेंट.

छातीपासून कवटीपर्यंत मानेच्या बोनवरून नेमका जाणारा बेझिए कर्व्ह काढा, पाच पॉइंटचा. कर्व्ह बोनपासून जरा सरकला असेल तर कन्स्ट्रेंट लावताक्षणी मान उडी मारते. अशा वेळी कन्स्ट्रेंट काढा, कर्व्ह नीट करा आणि पुन्हा लावा. पाच पॉइंटसाठी पाच कंट्रोल बोन बनवा, त्यांचा डिफॉर्म टिक काढलेला, म्हणजे ते स्वतः मेश ओढणार नाहीत. आता हुक, म्हणजे कर्व्हचा पॉइंट कंट्रोलला बांधणं. आर्मेचरच्या पोझ मोडमध्ये हवा तो कंट्रोल निवडा, ऑब्जेक्ट मोडमध्ये या, आर्मेचर निवडलेलं ठेवून शिफ्टने कर्व्ह निवडा, टॅब, मग तो पॉइंट दोन्ही हँडलसकट (वळण ठरवणाऱ्या दांड्यांसकट) निवडून कंट्रोल+एच, आणि मेनूतून निवडलेल्या ऑब्जेक्टच्या बोनला हुक करण्याचा पर्याय. हे पाच वेळा. हँडल निवडायचे राहिले तर कंट्रोल हलवल्यावर पॉइंट सरकतो, पण वळण जागच्या जागी मुरडतं.

मग मानेच्या शेवटच्या बोनवर स्प्लाइन आयके, टार्गेट कर्व्ह, चेन लेंग्थ १०. वाय स्केल मोडचा निर्णय विचारपूर्वक घ्या. "फिट कर्व्ह"मध्ये मान कर्व्हएवढी ताणली जाते, डोकं कंट्रोलला चिकटून राहतं. "बोन ओरिजिनल"मध्ये लांबी कायम राहते, पण कर्व्ह लांबला की डोकं मागे पडतं. आमचं मत फिट कर्व्हच्या बाजूने आहे. पाच-सहा टक्क्यांचा ताण पिसांमुळे कुणाला दिसत नाही, पण पाण्यात रोखलेली चोच दोन सेंटिमीटर सरकली तर लगेच डोळ्यांत येते.

पाच कंट्रोलचं आपसातलं नातं असं ठेवा. सगळ्यांत खालचा छातीचा चाइल्ड, म्हणजे छातीला पेरेंट मानून तिच्यामागे हलणारा. सगळ्यांत वरचा डोक्याकडचा. मधल्या तिघांना पेरेंट देऊ नका. त्यांना आर्मेचर कन्स्ट्रेंट लावा, दोन टार्गेटचं: खालचा कंट्रोल आणि वरचा कंट्रोल. वजनं खालून वर ०.७५–०.२५, ०.५–०.५, ०.२५–०.७५. यामुळे डोकं हललं की मधलं वळण आपोआप वाटून घेतलं जातं आणि त्यावर अ‍ॅनिमेटरला हवा तो बदल करता येतो. कन्स्ट्रेंट लावूनही बोनला पेरेंट ठेवलात तर हालचाल दुप्पट होते. ही चूक फार होते, कारण रेस्ट पोझमध्ये काहीच बिघडलेलं दिसत नाही.

आता पीळ. स्प्लाइन आयके बोनला कर्व्हवर बसवतो, पण स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरायचं ते सांगत नाही. तो भाग बोनच्या वाय रोटेशनवर सोडलेला आहे. डोक्याचा बोन चोचीच्या दिशेने असतो, त्याचा वाय अक्ष मानेला आडवा. त्यावरून पीळ उचलला तर मान भलत्याच बाजूला गरगरते. म्हणून कवटीच्या बुडाशी, मानेच्या दिशेने जाणारा एक वेगळा पीळ-बोन ठेवा आणि डोक्याचा कंट्रोल त्याचा चाइल्ड करा. कर्व्हचा वरचा कंट्रोलही याच पीळ-बोनखाली. मानेच्या वरच्या पाच बोनवर कॉपी रोटेशन: टार्गेट पीळ-बोन, फक्त वाय, दोन्ही स्पेस लोकल, इन्फ्लुएन्स प्रत्येकी ०.२. पीळ साखळीत पुढे साठत जातो, त्यामुळे पाचांचा मिळून पूर्ण होतो. इन्फ्लुएन्स सगळ्यांना १ ठेवलात तर मान पिळलेल्या पंचासारखी दिसेल. १८० अंशांच्या पुढे हे उलटं फिरतं, पण पक्षीही तेवढं फिरवत नाही.

शेवटचा भाग डोकं मोकळं करण्याचा. पीळ-बोनला पेरेंट न देता आर्मेचर कन्स्ट्रेंट द्या, टार्गेट छाती आणि रूट. दोन्हींची वजनं एका कस्टम प्रॉपर्टीवर ड्रायव्हरने (एका आकड्यावरून दुसरा ठरवणाऱ्या जोडणीने) जोडा: ० असताना डोकं छातीबरोबर, १ असताना जगात स्थिर. चालताना ०, चरताना १. चाइल्ड ऑफनेही हे होतं, पण त्याचा इन्व्हर्स सेट करायचा विसरला की डोकं पार सीनबाहेर जाऊन बसतं.

डोक्याच्या कंट्रोलचा रोटेशन मोड क्वाटर्नियन ठेवा. चरताना डोकं पूर्ण उलटं होतं, चोचीचं टोक पायांकडे वळतं. ऑयलरमध्ये (तीन अक्षांवर एकेक करून फिरवण्याच्या मोडमध्ये) या पोझजवळ दोन अक्ष एकावर एक येतात आणि मधल्या फ्रेमना डोकं गिरकी घेतं.

चोच

वरच्या आणि खालच्या चोचीला वेगवेगळा बोन द्या. डोकं उलटं असताना वरची चोच खाली असते, आणि फ्लेमिंगोची वरची चोचही हलते. खालचीच उघडणारा रिग चरण्याच्या शॉटमध्ये खोटा वाटतो. जीभ पाणी आतबाहेर ढकलत असते, ती दिसत नाही. पण गळ्याखालची त्वचा थरथरते. तिला एक शेप की (मेशचा साठवून ठेवलेला बदललेला आकार) पुरे. पापणीलाही एक.

पाय

घोट्याखालच्या बोनवर आयके, टार्गेट पावलाचा कंट्रोल, चेन लेंग्थ २. स्ट्रेच बंद. पोल टार्गेट पायाच्या मागे, नडगीच्या लांबीएवढ्या अंतरावर, कारण घोटा मागे वाकतो. माणसाच्या रिगची सवय असलेले हात पोल पुढे ठेवतात आणि पाय फ्लेमिंगोऐवजी माणसाचा दिसायला लागतो. पोल जोडताच पाय बाजूला वळला तर पोल अँगल ०, ९०, –९०, १८० यांपैकी एकावर येऊन सरळ होतो. मधलाच एखादा आकडा द्यावा लागला, तर बोन रोल चुकलाय असं समजा आणि मागे जाऊन तो नीट करा.

फ्लेमिंगो पाय जवळजवळ ताठ ठेवून उभा राहतो, तिथे आयके फटकन सुटतो: घोटा एका फ्रेममध्ये सरळ होतो आणि पुढच्यात परत वाकतो. रेस्ट पोझमधला ५ अंशांचा वाक याच्यासाठीच होता. शिवाय अ‍ॅनिमेटरला सांगून ठेवा की गुरुत्वमध्य इतका वर नेऊ नका की पाय पूर्ण ताणला जाईल.

पंजाला पुढची तीन बोटं, मागचं एक छोटं. पुढच्या बोटांमध्ये पडदा आहे. पाऊल उचललं की बोटं मिटतात आणि पडदा चुणतो. तिन्ही बोटांचं रोटेशन आणि पडद्याची शेप की एकाच प्रॉपर्टीवर, ० ते १. पाऊल वर गेलं की आपोआप मिटेल असा ड्रायव्हर लावू नका. चिखलातून पाय उपसताना बोटं उशिरा मिटतात, तो उशीर हाताने द्यायचा असतो.

एका पायावर उभं राहण्याबद्दल २०१७ मध्ये यंग-हुई चांग आणि लीना टिंग यांनी "बायॉलॉजी लेटर्स"मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. मेलेल्या फ्लेमिंगोचं शरीरही स्नायूंच्या मदतीशिवाय एका पायावर टिकतं, आणि तेव्हा पाऊल थेट अंगाच्या मध्यरेषेखाली येतं, असं त्यांना दिसलं. रिगच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पाय वरून खाली आत तिरका येतो. कंबरेच्या सांध्याला आत-बाहेरची १५ अंशांची तरी मोकळीक ठेवा आणि लिमिट रोटेशन तिथे घट्ट लावू नका.

वेट पेंट

मेश निवडा, शिफ्टने आर्मेचर, कंट्रोल+पी, ऑटोमॅटिक वेट. मग ऑटो नॉर्मलाइझ चालू करून हाताने सुधारा. पायांना मऊ वेट नकोत. नडगी आणि खालचं हाड पूर्ण १.०, फक्त सांध्याच्या तीन लूपवर मिश्रण, मधल्या लूपवर ०.५–०.५. डावा पाय उजव्याच्या जवळ असल्याने एका पायाचं वजन दुसऱ्यावर सांडलेलं हमखास सापडतं. प्रत्येक पाय उचलून बघा, दुसरा हलला तर तिथे आहे.

मानेला आर्मेचर मॉडिफायरमधलं प्रिझर्व्ह व्हॉल्यूम चालू करा, नाहीतर तीव्र वळणावर मान दबलेल्या नळीसारखी चपटी होते. छाती आणि मान जुळतात तिथे यामुळे फुगा येऊ शकतो. त्या जागी वजनाचं मिश्रण चार-पाच लूपवर पसरवा. पिसांच्या पानांना डेटा ट्रान्सफरने अंगाची वजनं द्या, मॅपिंग जवळच्या फेसवरून इंटरपोलेट होणारं. रंगवत बसू नका.

पंख

उडण्याचा शॉट नसेल तर दंड, अग्रबाहू आणि हात, असे तीन बोन आणि मिटण्याची एक प्रॉपर्टी पुरे. असेल तर पिसांचे तीन गट करा, प्रत्येक गटाच्या टोकांच्या पिसांना बोन द्या आणि मधली पिसं त्या दोघांच्या मध्ये आर्मेचर कन्स्ट्रेंटने वाटून घ्या, मानेच्या मधल्या कंट्रोलसारखीच. उडताना मान पुढे आणि पाय मागे ताठ असतात, म्हणजे मानेचे कंट्रोल लांबवर ताणावे लागतात. फिट कर्व्हचा ताण इथे तपासा.

तपासणी आणि हवाली करणं

या पोझ लावून बघा: डोकं उलटं करून पाण्यात, डोकं पाठीवर पिसांत खुपसून झोपलेला, चोचीने शेपटीजवळची पिसं साफ करणारा, मान ताठ करून डोकं झटक्याने डावी-उजवीकडे फिरवणारा, जसे विणीपूर्वी कळपाने करतात, एक पाय पोटाशी घेतलेला. झोपेच्या पोझमध्ये मान पाठीत घुसते. थोडी घुसू द्या, पिसं झाकतात. शेपटीच्या पोझमध्ये चोच पोचत नसेल तर रिग बरोबर आहे आणि मॉडेलची मान आखूड आहे. ती परत पाठवा, ताण वाढवून झाकू नका.

अ‍ॅनिमेटरला देताना डिफॉर्म आणि यांत्रिक बोन वेगळ्या कलेक्शनमध्ये लपवा, कंट्रोलना कस्टम आकार द्या, जे चॅनेल फिरवायचे नाहीत ते लॉक करा. गेम इंजिनला द्यायचं असेल तर स्प्लाइन आयके तिकडे जात नाही. व्हिज्युअल कीइंग चालू ठेवून अ‍ॅक्शन बेक करा (म्हणजे हालचाल साध्या कीफ्रेममध्ये उतरवा), फक्त डिफॉर्म बोन निर्यात करा आणि लिमिट टोटलने प्रत्येक व्हर्टेक्सवर ४ वजनंच राहू द्या.

खाडीभर थवा दाखवायचा असेल तर हा रिग पुढच्या चार-सहा पक्ष्यांपुरताच वापरा. मधल्या रांगेसाठी बोटं, चोच आणि पिसं काढून हलकी प्रत करा. मागच्यांना रिग नकोच: चरणं, चालणं आणि उभं राहणं यांची तीन-चार चक्रं अलेंबिकमध्ये (हलणारा मेश साठवणाऱ्या फाइलमध्ये) बेक करा आणि प्रत्येक पक्ष्याची सुरुवात वेगवेगळ्या फ्रेमवर सरकवा. चक्राची लांबीही सारखी ठेवू नका, एक ९७ फ्रेमचं, एक ११३ चं. नाहीतर काही सेकंदांनी सगळा थवा एकदम मान वर काढतो.